इंदिरानगर, सर्व्हिस रोडलगत दुसरा मजला: कामाच्या खोलीत येणारा रस्त्याचा आवाज कसा कमी करावा?

अंतरा (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या गैरसोयीचा नाही.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. ऐकू कमी येणाऱ्या आणि कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) झालेल्या मुलांना ऑनलाइन शिकवते. बहुतेक मुलं सुरगाणा, पेठ, कळवण भागातली. त्यांच्या आईवडिलांना दर आठवड्याला रोजगार बुडवून नाशिकला येणं परवडत नाही, म्हणून मी घरातल्या एका खोलीतून सत्रं घेते. खोली दहा बाय अकरा फूट. खिडकी पाच बाय चार, अॅल्युमिनियमची सरकती, काच ४ एमएम. खाली सर्व्हिस रोड, पलीकडे मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल. इंदिरानगर बोगद्याजवळ वाहतूक तुंबली की हॉर्नची रांग थेट आमच्यापर्यंत येते.

गेल्या मंगळवारी सहा वर्षांच्या एका मुलासमोर दोन चित्रं होती. एक शाल, एक केळ्याची साल. ओठ बघून ओळखू नये म्हणून मी तोंड झाकून "शाल" म्हटलं, त्याने साल उचलली. तीनदा तसंच. महिनाभरापूर्वी त्याला हा फरक ओळखता येत होता. मग मी माझंच रेकॉर्डिंग ऐकलं. प्रत्येक वेळी मागे ट्रकची घरघर होती. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

आम्हाला शिकवतात की अशा मुलांपर्यंत बोलणं मागच्या गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबल वरचढ पोचायला हवं. माझ्याकडे तेवढं अंतर उरत नाही. फोनवरच्या अॅपने मोजलं: खिडकी उघडी असताना ७२ च्या आसपास, बंद केल्यावर ५८. कानाचं शास्त्र मला कळतं, खिडकीचं नाही. कुठून सुरुवात करू?

रात्रपाळी (रविवार, रात्री १०:०५)

ताई, मी गोविंदनगरला राहतो, परदेशी कंपनीचा सपोर्ट रात्रभर घरून बघतो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्या आणि कॉलमधलं नॉइज सप्रेशन 'हाय'वर ठेवा. माझ्या क्लायंटला कुत्री भुंकलेलीसुद्धा ऐकू येत नाहीत. शिवाय ते करड्या रंगाचे फोमचे चौकोन मिळतात, ते भिंतीला लावून टाका.

अंतरा (रविवार, रात्री १०:२०)

आभारी आहे. हेडफोनने माझ्यापुरता प्रश्न सुटतो, मुलाचा नाही. त्याला माझ्या माइकमध्ये शिरलेलं सगळं ऐकू येतं. आणि नॉइज सप्रेशन मी मुद्दाम बंद ठेवते. 'स', 'श', 'फ' हे वर्ण म्हणजे नुसता वाऱ्याचा सूंसूं आवाज. 'स'ची ताकद चार-पाच हजार हर्ट्झच्या वर असते, 'श'ची थोडी खालून सुरू होते. सॉफ्टवेअरला तो सूंसूं आवाजही गोंगाटच वाटतो आणि ते तो छाटतं. तुमच्या क्लायंटला वाक्याच्या संदर्भाने शब्द कळतो. माझ्या विद्यार्थ्याला एकेक वर्णच शिकायचा आहे.

कॉलेजरोड_कट्टा (रविवार, रात्री १०:४१)

फोमवर पैसे घालू नका, हे कळकळीने सांगते. मी मागच्या वर्षी आठ हजारांचा लावला. खोलीत घुमणं कमी झालं, हे खरं. पण बाहेरचा हॉर्न होता तसाच आहे.

निवृत्त_सिव्हिल (सोमवार, सकाळी ६:३५)

अंतराताई, अजून काही विकत घेऊ नका. आधी आवाज कुठल्या वाटेने आत येतो ते शोधा.

माझी चाळीस वर्षं बांधकामात गेली. लोक भिंतीला काहीतरी चिकटवायला धावतात, पण दोन्हीकडून प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत पन्नासेक डेसिबल आवाज अडवते. तिला काही लावायची गरज नाही. फोम हलका आणि सच्छिद्र असतो. तो आतला प्रतिध्वनी शोषतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं आणि हवाबंदपणा लागतो. हवाबंदपणा आधी, वजन नंतर.

आता तुमच्या खिडकीचा हिशेब मांडतो. पाच बाय चार म्हणजे २० चौरस फूट, म्हणजे २,८८० चौरस इंच. खिडकीचा घेर १८ फूट. मधे दोन पल्ले एकमेकांवर येतात ती उभी रेघ ४ फुटांची. एकूण २२ फूट, म्हणजे २६४ इंच लांबीची फट. जुन्या सरकत्या खिडकीत ही फट सहज एक सूत असते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. २६४ भागिले आठ, ३३ चौरस इंच. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्क्याहून थोडं जास्तच.

आणि एक टक्का भोक असेल तर बाकीचा ९९ टक्के भाग लोखंडाचा केला तरी ती खिडकी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. शंभरातला एक भाग ऊर्जा सरळ आत येते, आणि शंभरपट म्हणजे २० डेसिबल. तुमच्याकडे ७२ आणि ५८ मध्ये फरक फक्त १४ चा आहे. साधी ४ एमएमची काच नीट बसवली तरी याहून बरंच जास्त अडवते. म्हणजे तुमचा आवाज काचेतून कमी आणि फटींतून जास्त येतो. कुणी 'जाड काच बसवा' म्हणत असेल तर त्याला थांबवा.

आज रात्री हे करून बघा. खोलीतला दिवा बंद करून कुणाला तरी शेजारच्या गॅलरीतून टॉर्च मारायला सांगा आणि आतून चौकटीच्या कडा बघा. पल्ल्यात वहीचा कागद धरून खिडकी लावा. कागद ओढला आणि अलगद निघाला तर तिथे सील उरलेलं नाही. वारा असेल तेव्हा उदबत्ती कडेकडेने फिरवा. एसीचा पाइप जिथून बाहेर जातो तिथलं झाकण काढून आत डोकवा. दाराखालची फटही बघा, कारण जिन्यातला आवाज तिथून येतो.

फोनचं अॅप नेमका आकडा सांगत नाही, पण तोच फोन, तीच जागा, तीच वेळ ठेवली तर आधी-नंतरचा फरक कळायला पुरतं.

पंचवटीकर (सोमवार, सकाळी ९:१२)

काका, हा सुताचा हिशेब वाचून आमच्या बेडरूमची खिडकी आत्ता तपासली. अख्खं करंगळीचं टोक जातंय.

अंतरा (मंगळवार, रात्री ११:०२)

काका, सगळं करून पाहिलं. शेजारच्या काकूंच्या मुलाने टॉर्च धरला.

दोन पल्ल्यांच्या मधे वरपासून खालपर्यंत उजेडाची सलग रेघ दिसली. कडेच्या खाचेत ब्रशची पट्टी असते हे मला आजच कळलं. नखाने ओढली तर तिचे केस भुगा होऊन हातात आले. नुसती पाठ उरली आहे. उदबत्तीचा धूर खालच्या रुळाशी आडवा झाला. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात चौकट आणि भिंत यांच्यामध्ये फक्त पुट्टी होती. बोटाने दाबली तर आत गेली.

सगळ्यात वाईट म्हणजे एसीचं भोक. पांढरं झाकण काढलं तर तीन इंची भोकात पाइप आणि त्याच्या बाजूला कोंबलेली एक कॅरीबॅग. बॅग काढली आणि खालच्या रिक्षावाल्याचं फोनवरचं बोलणं मला शब्दन्शब्द ऐकू आलं. पाच वर्षं मी त्या भोकाखाली बसून शिकवते आहे.

अंबडचा_फॅब्रिकेटर (बुधवार, दुपारी १:५०)

नमस्कार, माझं खिडक्यांचंच काम आहे, अंबडला वर्कशॉप. काकांनी बरोबर सांगितलं. क्रमाने सांगतो.

पहिलं काम स्वस्तातलं. ब्रशपट्टी बदलून घ्या, आम्ही तिला वूलपाइल म्हणतो. जुनीची पाठ किती रुंद आणि केस किती उंच ते मोजूनच नवी आणा. उंची कमी पडली तर टेकत नाही, जास्त झाली तर पल्ला सरकत नाही. मधे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असलेली पट्टी मिळते, ती साध्या पट्टीपेक्षा चांगली. पल्ले खाली बसले असतील तर खालच्या चाकांचा स्क्रू फिरवून वर घ्या, म्हणजे लॉक नीट ओढून धरेल. चौकट आणि भिंत यांच्यामधली पुट्टी खरवडून सिलिकॉन सीलंट भरा. फट मोठी असेल तर आधी सिमेंटचा माल भरा आणि वरून सीलंट. पीयू फोमने (डब्यातून फवारला की फुगून घट्ट होणारा फेस) फट भरते, पण तो हलका असतो, एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. एसीच्या भोकात पाइपभोवती रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) दाबून दोन्ही तोंडं सीलंटने बंद करा.

एक मात्र लक्षात ठेवा. खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने पाणी जायची भोकं असतात, ती बुजवू नका. नाहीतर पावसाळ्यात रूळ भरून पाणी आत येईल. नाशिकच्या जुलैत हे मी दर वर्षी बघतो.

दुसरं काम म्हणजे आतून आणखी एक खिडकी. आहे ती तशीच ठेवायची आणि भिंतीच्या आतल्या कडेला, ग्रॅनाइटच्या पट्टीवर, दाराच्या पल्ल्यासारखी उघडणारी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची, खिडकी बसवायची. तिला चारी बाजूंनी रबरी गॅस्केट असतं आणि हँडल फिरवलं की दोन-तीन ठिकाणी एकदम घट्ट होते. काच लॅमिनेटेड ६.३८ एमएम घ्या: ३ एमएमच्या दोन काचा आणि मधे ०.३८ एमएमचा चिकट थर. तो थर काचेचं थरथरणं मारतो.

गिऱ्हाईक येऊन 'डबल ग्लास द्या' म्हणतं. ५ एमएमच्या दोन काचा, मधे १२ एमएम हवा. उन्हासाठी ती छान आहे. पण दोन सारख्या काचा आणि मधली एवढीशी हवा मिळून स्प्रिंगसारखं काम करतात आणि साधारण २२० हर्ट्झला एकत्र थरथरतात. तिथे आवाज अडण्याऐवजी आरपार जातो, आणि गाड्यांची घरघर त्याच पट्ट्यात भरलेली असते. त्याच काचा एकमेकींपासून चार इंच लांब ठेवल्या तर तो थरथराट ७५ हर्ट्झच्या आसपास खाली उतरतो. म्हणून आवाजासाठी दोन खिडक्यांमध्ये मिळेल तेवढं अंतर घ्या आणि काचा वेगवेगळ्या जाडीच्या ठेवा.

रात्रपाळी (बुधवार, दुपारी २:३०)

दादा, मी भाड्याच्या घरात आहे. मालक भोकं पाडू देणार नाहीत.

अंबडचा_फॅब्रिकेटर (बुधवार, दुपारी २:४४)

ब्रशपट्टी आणि दाराखालची रबरपट्टी भाड्याच्या घरातही बदलता येते, त्याला कुणी नाही म्हणत नाही. वर हवी तर ६ एमएमची अॅक्रिलिक शीट चुंबकपट्टीने आतून लावता येते, सोडताना काढून न्यायची. काचेइतकी जड नसते, पण फटी झाकते.

देवळाली_कॅम्प (बुधवार, रात्री ८:१५)

मी तोफखान्यातून निवृत्त झालो, राहतो कॅम्पलाच. रेंजवर फायरिंग असतं तेव्हा आमच्याकडे तोफेचा आवाज नंतर जाणवतो, आधी काच वाजते. काच पट्टीत सैल असेल तर ती स्वतःच आवाज करते. वेगळी माणसं बोलावून महागडं काम करण्याआधी मी प्रत्येक काचेची रबरी पट्टी बदलली. खडखड थांबली आणि अर्धा त्रास गेला. धमाका येतोच, कारण एवढा खालच्या स्वराचा आवाज घरातली कुठलीही खिडकी पूर्ण अडवत नाही. ताई, अवजड ट्रक गेल्यावर तुमची काच वाजते का ते हात ठेवून बघा.

पंचवटीकर (बुधवार, रात्री ९:०३)

ढोलाचंही तेच असणार. गणपतीत पथकांचा सराव सुरू झाला की छातीत ठोका बसतो, खिडकी लावा नाहीतर उघडी ठेवा. नाशिकचा ढोल मला प्रिय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण लग्नसराईत लॉन्सवरचा डीजे रात्री साडेअकराला चालू असतो, त्याचं काय? परीक्षेच्या दिवसांत मुलीला कानात कापूस घालून अभ्यास करावा लागला.

निवृत्त_सिव्हिल (गुरुवार, सकाळी ६:२०)

त्याला नियम आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार सणासमारंभांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण खासगी लग्न त्यात बसत नाही. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल, किंवा रात्रीची बंदी मोडली जात असेल, तर कुणीही तक्रार करू शकतं. ११२ ला फोन करून ठिकाण आणि वेळ नीट सांगा. सोसायटीतल्या चार घरांनी वेगवेगळे फोन केले तर जास्त उपयोग होतो, हा माझा अनुभव.

महामार्गाच्या बाबतीत मात्र ११२ काही करणार नाही. तिथे खिडकीच.

आणि सगळ्यांना कळकळीची एक विनंती. फटी बुजवण्याच्या उत्साहात बाथरूमचा झरोका बंद करू नका, विशेषतः आत गॅस गीझर असेल तर. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो. कामाच्या खोलीतही दोन सत्रांच्या मधे दहा मिनिटं दार-खिडकी उघडा.

आवाजघर (गुरुवार, दुपारी १२:३०)

मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो. माइकबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खिडकीचं काम व्हायला वेळ लागेल, हे आजच होईल.

लॅपटॉपचा माइक वापरू नका. तो तोंडापासून दोन फुटांवर असतो. माइक जवळ आणला की प्रत्येक वेळी अंतर निम्मं झाल्यावर तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो, रस्त्याचा मात्र तेवढाच राहतो. २४ इंचांवरून ६ इंचांवर आणला तर १२ डेसिबल फुकट मिळाले. कार्डिऑइड माइक घ्या. तो पाठीमागचा आवाज सगळ्यात कमी घेतो.

बहुतेक जण खिडकीकडे पाठ करून बसतात. तसं बसलं की माइकचं तोंड तुमच्याकडे आणि पर्यायाने खिडकीकडे होतं. उलटं बसा. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात की माइकची पाठ रस्त्याकडे जाते. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा, म्हणजे आत आलेला आवाज त्या भिंतीवर आपटून माइकमध्ये शिरणार नाही. गोधडी बाहेरचा आवाज अडवणार नाही, पण या कामाला ती फोमइतकीच चांगली.

अंतरा (गुरुवार, दुपारी १:१५)

खिडकीकडे तोंड! मुलांना माझे ओठ दिसायला हवेत, त्यासाठी चेहऱ्यावर उजेड हवा, आणि मी मात्र खिडकीकडे पाठ करून वर ट्यूबलाइट लावून बसत होते. आजच टेबल फिरवते. गोधडी आजीची आहे, नऊवारी लुगड्यांची.

अंतरा (तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सायंकाळी ५:३०)

उशिरा लिहितेय, पण सगळं करून, मोजून मगच लिहायचं ठरवलं होतं.

पहिल्या आठवड्यात ब्रशपट्टी, चाकं, सिलिकॉन, एसीचं भोक आणि दाराखालची रबरपट्टी. मजुरीसकट साडेतीन हजार लागले. त्याच जागी, त्याच संध्याकाळच्या वेळी ५८ चे ५१ झाले. कॅम्पवाल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे काचेवर हात ठेवून बघितला, उजवी काच खरंच थरथरत होती. तिची रबरपट्टी बदलल्यावर ट्रक जाताना होणारी ती बारीक किणकिण गेली.

दुसऱ्या आठवड्यात आतली खिडकी बसली. १९ हजार. दोन खिडक्यांमध्ये साडेचार इंच मिळाले. मधल्या जागेत कडेने जाड फेल्ट चिकटवलं, ही सूचना कारागिराचीच. पल्ला आत उघडतो म्हणून पडद्याचा दांडा वर सरकवावा लागला, हे आधी कुणी ठरवत नाही, ते लक्षात ठेवा. आता पंखा बंद ठेवून ४३. पंखा चालू केला की ४८, म्हणजे आता खोलीतला सगळ्यात मोठा आवाज माझ्या पंख्याचा आहे. सत्रापुरता तो बंद ठेवते. एप्रिलमध्ये काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. एसी हळू चालवून बघेन.

हॉर्न अजून ऐकू येतो, पण भिंतीपलीकडून आल्यासारखा. बोगद्याजवळ संध्याकाळी सहाला जाम लागतो, त्या वेळेची सत्रं मी सकाळी घेतली आहेत. सगळंच खिडकीवर सोडून चालत नाही.

सुरगाण्याच्या मुलाबरोबर काल सत्र झालं. तोंड झाकून दहा वेळा विचारलं, साल आणि शाल उलटसुलट. नऊ बरोबर. दहाव्या वेळी त्यांच्याकडे कोंबडा आरवला. त्याच्या आईने विचारलं, मॅडम, तुम्ही घर बदललं का?

निवृत्त_सिव्हिल (शनिवार, सायंकाळी ६:१०)

फार बरं वाटलं, पोरी. पंख्याचं बेअरिंग आणि वरचा हुक तपासून घे. जुना पंखा जेवढा आवाज करतो, त्यातला बराचसा हलणाऱ्या दांडीचा असतो.

पाथर्डी_फाटा (रविवार, सकाळी १०:२२)

आमच्या घराला या बाजूला खिडकी नाही, गॅलरीचं सरकतं दार आहे, साडेसहा फूट उंच. गॅलरीत झाडं दाट लावली तर चालेल का?

अंबडचा_फॅब्रिकेटर (रविवार, सकाळी ११:०५)

झाडांच्या एका रांगेने मोजण्याइतका फरक पडत नाही. गॅलरीचा कठडा जाळीचा असेल तर भरीव करा. बसल्यावर रस्ता दिसेनासा झाला की साधारण ५ डेसिबल कमी होतात. दाराच्या मधल्या जोडाची ब्रशपट्टी आधी बघा. दार मोठं म्हणजे फटही लांब.

अंतरा (रविवार, सकाळी ११:४०)

माझ्याकडे ब्रशपट्टी उरली आहे, पापुद्र्याची, सहाएक मीटर. पाठ ७ एमएम रुंद, केस ६ एमएम उंच. तुमच्या दाराला हेच माप बसत असेल तर व्यक्तिगत निरोप करा, संध्याकाळी कधीही घेऊन जा.